कशाच्या मानानं?

कोणाच्या घरी गेलं की माणसं आधी पंखा लावायला सांगतात, पाणी मागतात, नाहीतर सोयाबीनचा भाव काढतात. आमचे सर आधी भिंतीवरचा फोटो सरळ करतात.

एकदा त्यांच्याबरोबर मी एका घरी सांत्वनाला गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले. गेलेल्या आजोबांचा फोटो घाईघाईत भिंतीला लावलेला, त्यात हाराचं वजन एका बाजूला आलेलं, त्यामुळे आजोबा किंचित डावीकडे कललेले. सर तीन मिनिटं बसले. त्यांच्या गुडघ्याची चुळबुळ मला दिसत होती. शेवटी उठले, फोटोपाशी गेले, दोन्ही हातांनी चौकट धरली, एक डोळा मिटला, चौकट केसभर फिरवली, एक पाऊल मागे येऊन पाहिलं आणि परत सतरंजीवर येऊन बसले. आजीनं डोळ्याला पदर लावला. "सरायचा लय जीव होता त्यायच्यावर," असं कोणीतरी हळूच म्हणालं. सरांनी त्या आजोबांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "आता झोप लागन मले."

सरांचं आडनाव वेगळं आहे, पण उभ्या वाशीममध्ये त्यांना ओळंबे सर म्हणतात, कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पितळी ओळंबा असतो. आपल्या खिशात किल्ल्या असतात तसा. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून गणित आणि विज्ञान शिकवलं. रुजू झाले तेव्हा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जागेवरून न हलता त्यांचा जिल्हा बदलला. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की जिल्हा बदलला तरी शाळेची भिंत कलती ती कलतीच राहिली.

त्यांचं पेटंट वाक्य आहे, "कशाच्या मानानं?" हे वाक्य ते कुठेही वापरतात. अमक्याचा पोरगा वाया गेला म्हणा, कशाच्या मानानं? यंदा पाऊस कमी झाला, कशाच्या मानानं? पाटणी चौकात चहा पिताना एकानं राजकारण तिरपं चाललंय म्हटलं, तर त्या बिचाऱ्याचा चहा निवेपर्यंत सरांनी त्याला आधी सरळ म्हणजे काय ते ठरवायला लावलं.

या वाक्याची जन्मकथा मला ठाऊक आहे, कारण मी त्याच वर्गात होतो. सहावीचा वर्ग. सरांनी फळ्यावर एक रेघ वरून खाली ओढली. ही उभी. दुसरी डावीकडून उजवीकडे ओढली. ही आडवी. आता वहीत काढा. सगळ्यांनी काढल्या. मागच्या ओळीतली एक पोट्टी, जी एरवी हजेरीलासुद्धा आवाज काढत नसे, ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माही वही तं जमिनीवर आडवी हाये. मंग रेघ उभी कशी?"

सर बोलायला गेले आणि थांबले. फळ्याकडे पाहिलं, तिच्या वहीकडे पाहिलं. फळ्यावरची रेघ खरोखर उभी होती, वरचं टोक छपराकडे आणि खालचं जमिनीकडे. वहीतल्या तिच्या उभ्या रेघेची दोन्ही टोकं जमिनीपासून सारखीच उंच होती. म्हणजे ती आडवीच. आपण जन्मभर पोरांना वहीत आडव्या रेघा काढायला लावून त्यांना उभ्या म्हणायला लावतो, हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा, खोटं कशाला बोलू, चोरी सापडल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेहेतीस वह्या खिळ्यांनी भिंतीला लटकवल्या आणि आम्ही उभं राहून भूमिती केली. खांदे भरून आले. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांना वाटलं, अख्ख्या वर्गाला शिक्षा झाली आहे.

तेव्हापासून उभं आणि आडवं हा विषय सरांच्या अंगात आला तो आलाच. उभा म्हणजे काय, याचं उत्तर खिशातला ओळंबा देतो. आडवा म्हणजे काय, याचं उत्तर थाळीतलं शांत पाणी देतं. बाकी सगळी माणसांची मतं. पुस्तकात ऊर्ध्व आणि क्षितिजसमांतर असे भारदस्त शब्द आहेत, त्यांना सरांचा विरोध नाही. पण लंब आणि उभा हे एकच समजणारा माणूस त्यांना सोसत नाही. "अबे, लंब म्हटलं की विचारायचं, कोणाला लंब? नवरा म्हटलं की कोणाचा, हे विचारतोच ना आपण? तसं. अन् उभ्याला कोणी विचारत नाही, कोणाचा म्हणून. तो थेट पृथ्वीचा."

पाण्यावरून आठवलं. सरांच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा स्थापत्य अभियंता, पुण्यात नोकरी, कांदेपोहे उत्तम झालेले. पत्रिका, पगार, फ्लॅट, सगळं बोलून झालं. तेवढ्यात सरांनी मुलापुढे कागद-पेन सरकवलं. "एक तांब्या काढा बरं. अर्धा पाण्यानं भरलेला. आता तो तांब्या टेबलावर तिरपा धरला आहे. पाणी कुठपर्यंत येईन, रेघ मारा."

मुलानं तांब्या सुरेख काढला. पाण्याची रेघ मात्र तांब्याच्या बुडाशी समांतर ओढली. म्हणजे तांब्या तिरपा, तर पाणीही त्याच्याबरोबर तिरपं. सरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. वधूपक्षाकडून अशी शांतता पाहुण्यांनी पूर्वी अनुभवली नसावी.

आता यात त्या मुलाला हसण्यासारखं फार नाही. स्वित्झर्लंडच्या पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मुलांना हेच चित्र काढायला लावलं होतं. तिरप्या बाटलीतलं पाणी मुलं बाटलीच्या बुडाप्रमाणे काढतात आणि डोंगराच्या उतारावरची झाडं उताराला काटकोनात, म्हणजे पडायला आल्यासारखी काढतात. नंतरच्या संशोधकांना तर कॉलेजात शिकणारी मोठी माणसंही तसंच पाणी काढताना सापडली. रोज पाणी पितो आपण, पण त्याच्याकडे पाहत नाही. हे सगळं मला सरांनीच सांगितलं, पण लग्न झाल्यावर. लग्न झालं, कारण पुतणीनं काकाला बजावलं, "मले त्यायच्याकडून तांब्या भरून घ्यायचा नाही." संसार छान चालला आहे. फक्त त्या जावयानं स्वतः उभं राहून करून घेतलेल्या न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. सर तिथे जाऊन आले. "मी काही बोललो नाही," असं मला सर चार वेळा म्हणाले.

सरांचा खरा सामना मात्र आमच्या घराच्या बांधकामावरच्या मिस्त्रीशी झाला. मिस्त्री म्हणजे चौथी नापास आणि हातात जादू. त्याच्याकडेही ओळंबा. दोरीत ओवलेली लाकडी गट्टी, खाली लोखंडी गोळा. गट्टी आणि गोळा एकाच मापाचे. गट्टी भिंतीला वर टेकवायची आणि गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला नुसता शिवला तर भिंत ओळंब्यात. दाबून बसला तर भिंतीचं पोट सुटलेलं, लांब राहिला तर भिंत आत गेलेली. एवढं साधं यंत्र इतकं बिनचूक असावं, याचं सरांना आजही कौतुक आहे. जोत्याची पातळी काढायला मिस्त्री पारदर्शक नळी वापरायचा. दोन टोकं दोन कोपऱ्यांत, मधे पाणी. सर नळीशेजारी उकिडवे बसून दोन्ही टोकांतलं पाणी एका उंचीवर येताना असे बघत, जसं कोणी कीर्तन ऐकावं.

अडचण अशी झाली, की एका रविवारी सरांनी मिस्त्रीला सर्वेक्षणाची गोष्ट सांगितली. लॅम्बटन नावाच्या इंग्रजानं १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणी सुरू केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजत तो उत्तरेकडे निघाला. १८२३ च्या जानेवारीत तो आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. (सरांनी एका उन्हाळ्यात बायको-पोरांना ती दाखवायला नेलं होतं. काकूंना वाटत होतं शेगावला चाललो आहोत.) पुढे मोजणी हिमालयाच्या जवळ पोचली तेव्हा दोन ठिकाणांमधलं अंतर दोन पद्धतींनी वेगवेगळं आलं. फरक पाच विकलांच्या आसपास, विकला म्हणजे अंशाचा अगदी बारीक भाग. कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्यानं १८५५ मध्ये मांडलं, की मोजणीतल्या ओळंब्याला हिमालय आपल्याकडे ओढतो. आणि गणित केलं तर ओढ पंधरा विकला यायला हवी होती. मग एवढी कमी का? तर पर्वताच्या खाली जमिनीत हलक्या खडकाची मुळं असतात, असा त्यातून पुढे शोध लागला.

मिस्त्रीनं हे सगळं तंबाखू मळत ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी स्वयंपाकघराची उत्तरेची भिंत एक इंच बाहेर भरली. सर ओळंबा धरून उभे, चेहरा गंभीर. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "हिमालयानं वढली असन, गुरजी."

ती भिंत अजून तशीच आहे. पाहुण्यांना आम्ही हिमालयाची भिंत म्हणूनच दाखवतो.

हरण्याचा दुसरा प्रसंग बाजार समितीच्या यार्डात झाला. नववीच्या विज्ञानात कार्य आणि ऊर्जा हा धडा आहे. त्यातला नियम असा, की बल एका दिशेला आणि सरकणं त्याच्याशी काटकोनात असेल, तर त्या बलानं केलेलं कार्य शून्य. डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालणाऱ्या माणसाचं बल वरच्या दिशेला आणि चालणं आडवं. म्हणून ओझ्यावर कार्य शून्य. सर पुस्तकावर थांबतील कशाला? वर्ग घेऊन यार्डात गेले. सोयाबीनचे पन्नास किलोचे कट्टे पाठीवर घेऊन हमाल शेडमधून ट्रककडे चालले होते. सरांनी सगळ्यांसमोर समजावलं, इथून तिथपर्यंत या भाऊंनी केलेलं कार्य शून्य.

भाऊ थांबले. कट्टा खाली ठेवला. "शून्य? मंग मजुरीबी शून्यच का?"

सर जरा घाबरले, पण विज्ञान सोडलं नाही. ट्रकवर कट्टा सव्वा मीटर उचलता ना, त्यात कार्य आहे, साधारण सहाशे ज्यूल. हमाल म्हणाला, म्हणजे किती? सर वर्गात असल्यासारखे रंगात आले. एका पोळीत शंभर कॅलरी धरल्या, तर चार लाख ज्यूलच्या वर जातात. भागाकार करा पोरांनो. पोरांनी केला. एका पोळीत सातशे कट्टे.

हमालानं घाम पुसला. "मंग असं करू गुरजी. एक पोई मी खातो, सातशे कट्टे तुमी चढवा."

यार्डातल्या अडत्यांना हा विनोद पुढचे दोन हंगाम पुरला. सर मात्र त्या रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी तासाला आले ते हे सांगायलाच, की ओझ्यावरचं कार्य शून्य असलं तरी माणसाचे स्नायू ओझं धरून ठेवायला सतत ऊर्जा खर्च करतात, ती उष्णता होऊन जाते, घामाच्या रूपानं दिसते, आणि धड्यातला नियम ओझ्याबद्दल बोलतो, हमालाबद्दल नाही. तेव्हापासून त्या धड्याला सर यार्डात जात, पण कट्टा आधी स्वतः उचलून बघत.

आमच्या वडिलांचं मत होतं, की हा माणूस चांगला आहे पण शेतात येऊ देऊ नये. कारण आमचं शेत उताराचं. वडील वर्षानुवर्षं उताराच्या दिशेनं पेरत, कारण तास लांब पडतं आणि वळणं कमी लागतात. मातीही त्याच तासांतून दर पावसाळ्यात नाल्यात जाई. सरांनी तीन बांबू बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी घोडी केली, वरच्या टोकाला दोरीनं दगड लटकवला. मधल्या आडव्या बांबूवरच्या खुणेवर दोरी आली की घोडीचे दोन्ही पाय एकाच पातळीवर. मग एक पाय तसाच ठेवून घोडी फिरवायची, पुढची जागा शोधायची, चुना टाकायचा. तासाभरात चुन्याची रेघ शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत गेली. वडिलांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"गुरजी, हे तुमची आडवी रेघ? हे तं सापावानी हाये."

"आडवी आहे. सरळ कुठं म्हटलं मी?"

या वाक्यावर वडील दोन दिवस विचार करत होते. मग त्या रेघेनं पेरलं. पुढे त्या वर्षी माती किती वाचली वगैरे आकडे माझ्याकडे नाहीत, पण नाल्याच्या तोंडाशी साचणारा गाळ काढायला लागणारा गडी त्या वर्षी लावावा लागला नाही. वडिलांनी सरांना घरी जेवायला बोलावलं. सरांनीही आडवा हात मारला. तेव्हा मात्र कशाच्या मानानं, हे कोणी विचारलं नाही.

वाशीमचा अभिमान सरांना जरा जास्तच आहे. जुन्या ज्योतिषात लंकेपासून उज्जैनवरून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा मानत. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं त्या रेषेवरच्या गावांच्या यादीत वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम, घेतलं आहे. गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे, आणि जगाची मध्यरेषा इथून जायची असं गावातले लोक सांगतात. सर पाहुण्यांना हौसेनं तिथे नेतात, भास्कराचं नाव घेतात, पाहुणा भारावला की लगेच स्वतःच पाणी ओततात. "वाशीम सव्वासत्त्याहत्तरच्या जरा अलीकडे, उज्जैन पावणेशहात्तरवर. सव्वा अंशाहून जास्त फरक. आपल्याकडे मध्यान्ह त्यांच्या पाच मिनिटं आधी होते. रेघ एकच असती तर दोघांचा सूर्य एकाच वेळी माथ्यावर आला असता." पाहुण्याचा चेहरा पडतो. सर म्हणतात, "पण यादीत नाव आहे ना!"

शिरपूरला मात्र ते हे काही करत नाहीत. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. सर वर्षातून एकदा जातात, हात जोडतात. ओळंबा त्या दिवशी घरी ठेवून जातात. मी कारण विचारलं होतं. "मोजायला गेलो नव्हतो," म्हणाले.

काकूंविषयी सांगायचं राहिलं. काकू कारंज्याच्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सरांनी त्यांना सांगितलं, की वाशीमचा उभा आणि कारंज्याचा उभा एक नाही. दोन्ही ओळंबे पृथ्वीच्या केंद्राकडे जातात, म्हणून ते एकमेकांना समांतर असूच शकत नाहीत. वाशीम ते कारंजा सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे दोन गावांच्या उभ्यात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक. नव्या नवरीनं हे ऐकून काय समजायचं? काकूंनी त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं. पुढची चाळीस वर्षं घरात मतभेद झाला, भाजीत तिखट जास्त पडलं, माहेरी चार दिवस जास्त राहिल्या, की सर म्हणणार, "अर्धा अंश." आणि काकू म्हणणार, "तुमचाबी तेवढाच."

निवृत्तीनंतर सरांचा मोठा सण म्हणजे शून्य सावलीचा दिवस. वाशीमला तो मेच्या वीस-एकवीसच्या सुमाराला येतो. दुसरा जुलैत येतो, पण तेव्हा ढग. मेमधल्या त्या दिवशी दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर. घड्याळाचे बारा मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचे, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून उशीर. सर आठवडाभर आधी सगळ्यांना आमंत्रणं देतात. मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, भर दुपार, गच्ची. लग्नाचं आमंत्रण टाळता येतं, हे नाही टाळता येत.

यंदा आम्ही सातजण होतो. त्यात तो मिस्त्रीही, आता पांढऱ्या मिशांचा, टॉवेल डोक्यावर घेऊन. गच्चीच्या मधोमध सरांनी काठी उभी केली होती. काठी ओळंब्यात आहे की नाही ते मिस्त्रीनं पाहिलं, मग सरांनी पाहिलं, मग पुन्हा मिस्त्रीनं. काठी केसभर कलली तरी सावलीची शेपटी राहते. शेजारच्या घरची दहा वर्षांची नात मोबाइलवरचं घड्याळ मोठ्यानं वाचत होती. सोळा. सतरा. काठीची सावली आखडत आखडत काठीच्या पायात शिरली आणि नाहीशी झाली. कोणी काही बोललं नाही. तळपाय भाजत होते तरी कोणी पाय हलवला नाही.

तेवढ्यात काकू मठ्ठा घेऊन वर आल्या. काठीकडे पाहिलं, मग सरांकडे. सर आता सत्तरीच्या पुढे, पाठ चांगलीच वाकलेली. त्यांच्या पुढ्यात गच्चीवर डोक्याची आणि खांद्यांची काळी सावली पडली होती.

"अहो, काठीची गेली," काकू म्हणाल्या. "तुमची राह्यली ना."

सरांनी खाली पाहिलं. "तुह्या कारंज्याचा अर्धा अंश आहे तो."

"अर्धा? मोजा बरं."

ओळंबा मिस्त्रीच्या हातात होता. त्यानं तो नातीकडे दिला. ती खुर्चीवर चढली, दोरी सरांच्या मानेपाशी धरली, गोळा पाठीमागे खाली सोडला आणि एक डोळा मिटून बघायला लागली. गोळा हलत होता. सर मान वळवून विचारत होते, किती, किती.

"आबा, हालू नका ना," ती म्हणाली. "तो थांबूनच नाही राह्यला."